पावसाळी हवामानातल्या एमटीबी स्टेज रेस: या चुका टाळा

गोव्यातला सायकलस्वार जून उजाडला म्हणून सायकल माळ्यावर टाकत नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पावसात चालवायचेच नाही असे ठरवले, तर सरावाचे चार महिने हातचे जातात. त्यामुळे इथून हिमाचलातल्या, नेपाळमधल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या टप्प्याटप्प्यांच्या माऊंटन बाइक (एमटीबी) शर्यतींना जाणारी मुले भिजायला भीत नाहीत. गेली काही वर्षे मी अशा मुलामुलींचा सराव सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या रानवाटांवर घेत आलो आहे. बिघडलेल्या हवामानात गंभीर चुका नवख्यांपेक्षा सरावलेल्यांच्याच हातून अधिक होतात, असे मला सतत दिसत आले आहे. नवखा घाबरून थांबतो. सरावलेला मात्र ‘हा पाऊस माझ्या ओळखीचा आहे’ असे म्हणत पुढे जातो.

एका दिवसाच्या शर्यतीतली हयगय त्याच दिवशी निस्तरून मोकळे होता येते. टप्प्यांच्या शर्यतीत तसे नसते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकसारख्या शर्यतीत सलग आठ दिवस डोंगरवाटांवर काढायचे असतात. पहिल्या दिवशी ओले राहिलेले बूट, न बदललेले ब्रेक पॅड, न धुतलेले खरचटणे आणि अपुरी झोप ही सगळी देणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम अंगावर येतात, आणि त्याच दिवशी आभाळ फाटले तर सावरायला अंगात त्राण उरलेले नसते.

थंडी वाजल्यावर जाकीट शोधणे

आपल्या किनारपट्टीवरचा पाऊस कोमट असतो. पणजीत जुलैमध्ये तास-दोन तास भिजले तरी घरी जाऊन डोके पुसले की काम भागते. उंची वाढली की हा हिशेब चुकतो, कारण दर हजार मीटर चढाला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, ओले कपडे अंगातली ऊब कोरड्या कपड्यांपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतात, आणि उतारावर ताशी चाळीस किलोमीटरने जाताना आपण स्वतःच वारा अंगावर घेत असतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली उतरले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ पडावाच लागतो असे नाही.

चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे मीटरांवर आहे. एका जुलैत आमच्यातला एक तयारीचा मुलगा केरीहून घाट चढून सगळ्यांच्या आधी धुक्यात वर पोहोचला आणि घामाने-पावसाने चिंब झालेल्या अवस्थेत मागच्यांची वाट पाहत वीस मिनिटे वाऱ्यात उभा राहिला. मी पोहोचलो तेव्हा तो चिक्कीचा कागद दातांनी सोडवत होता, कारण बोटांना तो धरता येत नव्हता. मी त्याला अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगितले, तर तो टेकेना. ज्या हाताला स्वतःची करंगळी गाठता येत नाही, तो हात ओल्या उतारावर ब्रेक कसा दाबणार? आम्ही त्याला आडोशाला नेले, ओली जर्सी उतरवून कोरडा शर्ट घातला, गोड गरम चहा दिला, आणि अर्ध्या तासाने त्याचे बोलणे पूर्ववत झाले. तेव्हा तो म्हणाला, “सर, मला थंडी वाजतच नव्हती.” त्याचे हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला सांगतो. कुडकुडणे ही शरीराची धडपड असते. गारठलेल्या माणसाचे कुडकुडणे ऊब न मिळताच थांबले, त्याची जीभ जड झाली, तो चिडचिड करू लागला किंवा ‘मी ठीक आहे’ असे पुन्हा पुन्हा सांगू लागला, तर तो ठीक नाही असे समजून त्याला सायकलवरून उतरवावे.

म्हणून जाकीट माथ्यावर पोहोचताच, अंग गरम असतानाच चढवायचे आणि मग उतरायचे. ते मुक्कामी पाठवायच्या बॅगेत टाकणे ही तर त्याहून मोठी चूक. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातल्या शंभर किलोमीटरच्या डोंगरी धावण्याच्या शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला, आणि १७२ स्पर्धकांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत निष्णात धावपटूही होते. वारा अडवणारे जाकीट सक्तीच्या सामानात नव्हते आणि अनेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. ती शर्यत धावण्याची असली, तरी चढावर घामाघूम होऊन माथ्यावर गारठणाऱ्या सायकलस्वाराची स्थिती तिच्याहून वेगळी नसते. आयोजक सांगोत वा न सांगोत, वजनाला दीडशे-दोनशे ग्रॅम भरणारे जाकीट पाठीवर हवेच.

काल ओलांडला म्हणून आजही व्हाळात उतरणे

ही चूक गोव्यातल्या रायडरांच्या हाडीमाशी खिळलेली आहे, कारण लहानपणापासून आपण व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, चालत आलो आहोत. घाटाच्या पायथ्याच्या व्हाळांचे पाणी मात्र आपल्या डोक्यावरच्या पावसावर अवलंबून नसते. वर घाटमाथ्यावर, कर्नाटकाच्या हद्दीत, जोराची सर कोसळली तर खाली ऊन पडलेले असतानाही पाणी चढते. वेगाच्या पाण्यात गुडघ्याच्या बऱ्याच खाली, वीतभर उंचीलाही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतात, आणि सायकलच्या चाकाला तर ते आयता अडसर म्हणून ढकलते.

पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी मिनिटभर थांबून पाहावे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा खळखळाटाचा आवाज खालच्या सुरात घुमू लागला, तर पाणी चढते आहे. तळ दिसत नसेल तर ओलांडू नये. ओलांडायचेच ठरले तर सायकलवरून उतरावे, बॅगेचे छातीवरचे बक्कल सोडावे आणि सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहते त्या बाजूला धरावी. वरच्या बाजूला धरली तर प्रवाह तीच आपल्या अंगावर लोटतो. पाणी साकवावरून वाहत असेल तेव्हाही हाच विचार करावा, कारण त्याखालचा काठ वाहून गेला आहे की शाबूत आहे हे वरून कळत नाही. लहान व्हाळ जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात. पाऊस थांबल्यावर अर्धा-पाऊण तास थांबले तर बहुतेक वेळा वाट मिळते. कट-ऑफच्या, म्हणजे टप्पा संपवायच्या ठरलेल्या वेळेच्या, भीतीने हा पाऊण तास वाचवायला जाऊ नये, असे मी मनापासून सांगतो. शहाणे आयोजक अशा वेळी घड्याळ थांबवतात किंवा टप्पा आखूड करतात. ते तसे करतात का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घेणे हा आपला हक्क आहे.

सड्यावर गडगडाट ऐकत पुढे जाणे

एप्रिल-मेच्या दुपारी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे विजा कडाडतात, आणि आपल्या कितीतरी चांगल्या वाटा जांभ्याच्या उघड्या सड्यांवरून, म्हणजे पठारांवरून, जातात, जिथे सायकलस्वारच सर्वांत उंच असतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर धरतात, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि सडा ताबडतोब सोडायला हवा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे उघड्यावर परतू नये. रबराचे टायर आपल्याला वाचवतात हा समज खोटा आहे. एकटे झाड, पत्र्याची उघडी शेड, उथळ कपार यांचा आडोसा घेऊ नये. पक्के घर किंवा बंद मोटार हेच खरे संरक्षण. तेवढे जवळ नसेल तर सखल जागेत उतरावे, सायकल दूर ठेवावी आणि गटाने एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतरावर विखुरावे, म्हणजे एक कोसळला तर मदतीला दुसरा उरतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही; श्वास आणि नाडी थांबली असेल तर त्याच क्षणी छातीवर दाब देणे सुरू करावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावे, पण सत्तरीच्या आणि नेत्रावळीच्या रानांत नेटवर्क जाते, म्हणून डोळे आणि कान यांवरच भिस्त ठेवावी.

टप्प्याच्या सकाळी नवे ब्रेक पॅड बसवणे

चिखलात ब्रेक पॅड किती झपाट्याने झिजतात याची कल्पना कोरड्या वाटांवर येत नाही. खाणपट्ट्यातला लाल चिखल हा पाण्यात कालवलेला पॉलिश पेपरच असतो, आणि एका लांब, ओल्या टप्प्यात मऊ रेझिनचे पॅड संपूर्ण झिजलेले मी पाहिले आहेत. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात. मात्र काही डिस्कवर फक्त रेझिनचे पॅड चालतात आणि तसे त्यांच्यावर छापलेले असते, ते आधी पाहावे. पॅडचा थर मिलिमीटरभर उरला की वाट पाहू नये.

चूक होते ती बदलण्याच्या वेळेत. सकाळी घाईने बसवलेले नवे पॅड डिस्कशी घासून जुळलेले नसतात आणि पहिल्याच ओल्या उतारावर ब्रेक धरत नाही. पॅड आदल्या संध्याकाळी बसवून, मोकळ्या रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन, चाक जाम न करता हळूहळू ब्रेक लावावा. डिस्कला हाताने स्पर्श करू नये आणि चेनला तेल घालताना ते डिस्कवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

टायरची हवा कोरड्या वाटेपेक्षा दोन-तीन पीएसआयने कमी ठेवली की पकड सुधारते. त्याहून खाली गेल्यास जांभ्याच्या कडेवर रिम आपटते. जांभा ओला झाला तरी उघडा असेल तर पकड देतो, पण त्यावर हिरवट शेवाळ चढले की त्याच्यावर ब्रेक लावणे म्हणजे पडणेच. मुळे, लाकडी फळ्या आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे सरळ काटकोनात, ब्रेक न लावता ओलांडावेत.

चिखल निरुपद्रवी समजणे

पुढच्या चाकावरून उडालेला चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो आणि पाण्याबरोबर पोटात जातो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००७ साली चिखलातून झालेल्या एका माऊंटन बाइक शर्यतीनंतर पाहणीतल्या ५३७ स्पर्धकांपैकी २२५ जणांना जुलाब झाले, आणि तपासात त्याचा संबंध कॅम्पायलोबॅक्टर या जंतूशी आणि तोंडात गेलेल्या चिखलाशी जोडला गेला. आपल्या वाटा गुरांच्या गोठ्यांजवळून आणि शेतांच्या बांधांवरून जातात, तेव्हा हा धोका दूरचा नाही. झाकण असलेली बाटली वापरावी, पहिली धार बाहेर सोडून मग प्यावे, आणि खाण्याआधी बोटे निदान पुसावीत.

दुसरा धोका उघड्या जखमेचा. साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २००० साली बोर्नियोत झालेल्या साहसी शर्यतीत अनेक स्पर्धकांना हा आजार झाला आणि सेगामा नदीत पोहणे हे त्याचे कारण ठरले. टप्पा संपल्यावर पहिले काम जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुण्याचे. फोटो नंतर काढता येतात. शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना चिखलात सायकल चालवल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर साधा ताप समजून दिवस वाया जातात. प्रतिबंधक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

उन्हाला हवामानात न धरणे

वाईट हवामान म्हटले की सगळे पावसाकडे पाहतात, पण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम न वाळता नुसता गळाला तर अंग थंड होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, पावसाच्या दोन सरींमध्ये, रायडर सर्वाधिक फसतात. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो. अशा वेळी आधी थंड करावे, मग रुग्णालयात न्यावे: विहिरीचे पाणी, बर्फ, ओले कापड, वारा, जे हाताशी असेल ते. १०८ ला फोन लावतानाच अंगावर पाणी ओतायला सुरुवात करावी.

उलट, भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसते पाणी पिणेही घातक आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते आणि बोटांतली अंगठी घट्ट होते. तहान लागेल तसे प्यावे आणि त्यात मीठ असावे. संध्याकाळी मुक्कामावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज आणि लोणचे मिळाले, तर महागड्या पावडरीची उणीव मला तरी कधी भासलेली नाही.

न सांगता शर्यत सोडणे

ज्या शर्यती जोडीने धावायच्या असतात, त्यांत जोडीदारांनी एकमेकांपासून फार दूर जायचे नसते. केप एपिकमध्ये ही मर्यादा दोन मिनिटांची आहे. हा नियम दंडाच्या भीतीने पाळणारे पुष्कळ आहेत, पण त्याचा खरा उपयोग धुक्यात आणि पावसात कळतो, कारण गारठलेल्या माणसाला आपण गारठलो हे स्वतःला उमगत नाही, ते जोडीदाराला दिसते. वैयक्तिक शर्यतीतही वादळाच्या दिवशी दोघा-तिघांनी मिळून पुढे जावे.

आणि शर्यत सोडायचीच झाली तर ती मार्शलला, म्हणजे वाटेवर नेमलेल्या आयोजकांच्या माणसाला, सांगूनच सोडावी. एका पावसाळी संध्याकाळी आमच्या सरावातली एक मुलगी वाटेत भेटलेल्या ओळखीच्या गाडीत बसून साखळी शहरातल्या आपल्या घरी गेली. तिच्या फोनची बॅटरी संपली होती आणि मुक्कामावरच्या यादीत तिच्या नावापुढे खूण झालेली नव्हती. आम्ही चौघे टॉर्च घेऊन अंधारात भरलेल्या व्हाळाच्या काठाने तिला हाका मारत फिरलो, आणि ज्या ठिकाणी दिवसा उतरायची माझी हिंमत झाली नसती तिथे मी त्या रात्री उतरलो. रात्री साडेदहाला तिच्या आईचा फोन आला तेव्हा आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळलेला होता. तेव्हापासून आमच्याकडे सायकलच्या हँडलवरचा नंबर काढून माणसाच्या हातात दिल्याशिवाय कोणी घरी जात नाही, आणि शेवटचा नंबर टेबलावर येईपर्यंत यादी धरणारा उठत नाही.