लाइनच्या फळ्यावर कोणते आकडे लिहावेत?

हे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवरच्या) मशिनिंगच्या लाइनपुरतं आहे. कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरून येतं, आपण फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग करतो आणि माल डिस्पॅचला जातो. भोसरी-चाकणकडच्या अशा शॉपमध्ये फळ्यावर बहुतेक वेळा तेच चार आकडे दिसतात: उत्पादन, रिजेक्शन, ब्रेकडाउन, ओईई (यंत्रांची एकूण परिणामकारकता). यातला एकही शिफ्टवरच्या माणसांच्या पुरता हातात नसतो. म्हणून महिनाभरात फळ्याकडे कुणी बघेनासं होतं.

सध्याचे सगळे आकडे आधी एका कागदावर उतरवा.

मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: उद्या पहिल्या शिफ्टला, वरच्या कुणाची सही न घेता, टीमने काय केलं तर हा आकडा हलेल? ‘प्रत्येक ५०व्या नगाला बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारं साधन) लावतो, तो २५व्याला लावू’ हे उत्तर झालं. ‘अजून लक्ष देऊ’ हे नाही; असं उत्तर आलं की आकडा बाद. ओईई इथेच गळते. उपलब्धता ९०, वेग ९५, गुणवत्ता ९९ टक्के, गुणाकार साधारण ८५. सल्लागारांचा हा लाडका आकडा. पण कास्टिंगची गाडी आली नाही किंवा प्लॅनिंगने छोटे लॉट दिले तरी तो पडतो. मॅनेजरच्या टेबलावर ठेवा, लाइनवर नको.

आता खरी किचकट पायरी: मिश्र आकड्याची फोड. रिजेक्शन सरळ बाद करता येत नाही, कारण त्यातला काही भाग आपलाच असतो. समजा १२०० नगांत ५४ बाद, म्हणजे ४.५ टक्के. त्यातले ३३ ब्लो होल (ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी) आणि वाळूचे, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीचे. उरलेले २१ ओव्हरसाइज बोअर, चॅटर (कापताना हत्यार थरथरून उठलेल्या खुणा), हाताळताना पडलेले डेंट. टीमचा आकडा २१ भागिले १२०० नव्हे. ३३ खराब कास्टिंग वजा करून २१ भागिले ११६७, म्हणजे १.८ टक्के. छेद तसाच ठेवला तर फाउंड्रीचा माल बिघडेल तसा टीमचा आकडा आपोआप सुधारलेला दिसतो.

फोड मशीनपाशी आणि त्याच शिफ्टमध्ये व्हायला हवी. ऑपरेटर आणि क्वालिटीचा माणूस दोघांनी मिळून नगावर मार्करने कारण लिहायचं. लाल बिन आठवडाभर साठवून शनिवारी उपसली तर कारणं अंदाजपंचे लिहिली जातात.

वाद होतो तो हार्ड स्पॉटवर, म्हणजे कास्टिंगमधल्या कडक जागेवर. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला म्हणून चॅटर आला की कास्टिंग कडक होतं? यावर नियम कडकच ठेवा: शंकेचा नग टीमच्या खात्यात. तो फाउंड्रीच्या खात्यात टाकायची सूट एकदा दिली की दोन महिन्यांत सगळं रिजेक्शन ‘फाउंड्रीचं’ होऊन बसतं आणि आपला आकडा शून्याकडे जातो. त्या शून्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक उलट बाजूची: ब्लो होल आपले नाहीत म्हणून सोडून देणं. भोक आपण पाडलेलं नाही, हे खरं. पण ते चौथ्या ऑपरेशनला उघडं पडलं तर आधीच्या तिन्हींचा मशीनचा वेळ आपणच घालवलेला असतो. त्यामुळे ‘पहिल्या ऑपरेशनलाच पकडलेले खराब कास्टिंग’ हा टीमचा उत्तम आकडा आहे. फक्त ब्लो होल बऱ्याचदा कातरल्याशिवाय दिसतच नाही. तसं असेल तर ज्या बोअरमध्ये ते निघतं तो आधी घेता येतो का, हे प्रोसेस इंजिनिअरला विचारा. डेटम (मापं जिथून घेतात तो पृष्ठभाग) आणि फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) यांमुळे नकार आला, तर हा आकडा लावू नका.

सेटिंगचा, म्हणजे लॉट बदलताना मशीन नव्याने लावण्याचा वेळ सोपा: जुन्या लॉटच्या शेवटच्या ओके नगापासून नव्याच्या पहिल्या ओके नगापर्यंत. पहिला नग क्वालिटीकडे पडून राहतो तो वेळ वेगळ्या रकान्यात. शेजारी सेटिंगनंतरच्या पहिल्या १० नगांतले बाद नग लिहा, नाहीतर घाईत सेटिंग उरकलं जाईल.

फळ्यावर तीनच आकडे. शिफ्ट संपताना ऑपरेटरने हाताने लिहायचे.

रोजच्या चढउतारावर जाब विचारू नका. शिफ्टला सरासरी ७ नग बाद होत असतील तर ७ चं वर्गमूळ सुमारे २.६, त्याची दुप्पट ५. म्हणजे २ ते १२ मधली हालचाल निव्वळ योगायोगाची असू शकते. सलग आठ शिफ्ट सरासरीच्या एकाच बाजूला गेल्या, तर मात्र कारण शोधायला बसा. आणि पहिले तीन महिने इन्सेन्टिव्ह या आकड्यांना बांधू नका. तोवर मार्करने लिहिलेली कारणं खरी आहेत का, तेच तपासून व्हायचं असतं.