व्हॉट्सॲप सोडायचंय? आधी ग्रुप हलवा

२०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या नव्या अटी मान्य करायला ८ फेब्रुवारीची मुदत दिली आणि सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर इतकी गर्दी उसळली की १५ जानेवारीला सिग्नलच बंद पडलं. ओरड झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत गेली, पुढे खाती बंद न करण्याचंही कंपनीने जाहीर केलं. अटी मात्र राहिल्या आणि बरीच मंडळी परतली. माणसं एकेकटी गेली होती, ग्रुप जागचे हलले नव्हते.

म्हणून सुरुवात एकाच ग्रुपपासून करा, तोही रोज बोलणारा. सगळे ॲडमिन आधी राजी हवेत. एकानेही जुना ग्रुप चालू ठेवला तर सगळं मुसळ केरात. सिग्नलवर ग्रुप तयार करा, ग्रुप लिंक चालू करा आणि नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा. लिंक जुन्या ग्रुपच्या माहितीत टाका. नुसती मेसेजमध्ये टाकली तर दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडली जाते.

आठवडाभराची मुदत द्या. ज्येष्ठांना लिंक पाठवून भागत नाही, त्यांच्या फोनवर कुणीतरी बसून ॲप टाकून द्यावं लागतं. सिग्नलचा पिन तेव्हाच कागदावर लिहून ठेवा. नोंदणी लॉक (पिनशिवाय तुमच्या नंबरची पुन्हा नोंदणी होऊ न देणारी सोय) चालू असताना पिन विसरला, तर सात दिवसांपर्यंत ताटकळावं लागू शकतं. मुदत संपली की जुन्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. हीच पायरी संकोचापोटी टाळली जाते. दोन्ही ग्रुप चालू राहिले की लोक सवयीच्या ठिकाणीच बोलतात.

व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पा सिग्नलमध्ये येत नाहीत. हव्या त्या चॅट एक्सपोर्ट करा: फोटोंसह घेतल्यास शेवटचे सुमारे १०,००० मेसेज मिळतात, फोटोंविना ४०,०००. एक्सपोर्ट होतच नसेल तर त्या चॅटमध्ये ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी, म्हणजे चॅट बाहेर नेऊ न देणारी सेटिंग, चालू आहे का ते बघा.

आता खातं. नुसतं ॲप काढलं तर खातं जिवंतच राहतं, ग्रुपमध्ये तुमचं नाव दिसतं आणि पाठवणाऱ्याला एकच टिक दिसत राहते. सेटिंग्जमधल्या अकाउंट विभागातून खातं डिलीट करावं लागतं. त्यानंतरही माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

प्ले स्टोअरवर एक तारा देऊन राग निघतो, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. लेखी तक्रार वेगळी. ती व्हॉट्सॲपच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. नियमानुसार २४ तासांत पोच आणि साधारणपणे सात दिवसांत निकाल मिळायला हवा. उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१च्या याच अटींची स्वतःहून दखल घेतली होती आणि नोव्हेंबर २०२४मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला.

डिलीटचं बटण दाबण्यापूर्वी गॅसची नोंदणी, बँकेच्या सूचना, दवाखान्याची वेळ यातलं काय काय व्हॉट्सॲपवर चालतं ते तपासा आणि प्रत्येकासाठी एसएमएस किंवा फोनचा पर्याय लावून घ्या. २०२१च्या अटींचा मुख्य भाग व्यवसायांशी होणाऱ्या संवादाबद्दलच होता, घरच्यांशी होणाऱ्या गप्पा तेव्हाही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेडच होत्या, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणाला वाचता येत नव्हत्या.