चौकोन सोपे, बाण अवघड: वर्कफ्लोच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वर्कफ्लोच्या, म्हणजे एक काम एका माणसाकडून किंवा सिस्टीमकडून पुढच्याकडे कसं जावं हे बसवण्याच्या, क्षेत्रात लोक साधारण दोन दारांनी येतात. कुणी प्रोग्रॅमिंग करत असतं आणि कंपनी त्याला 'बीपीएम टीम'मध्ये (बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, कंपनीतल्या कामांच्या प्रोसेस बसवणारी टीम) टाकते. कुणी बिझनेस अॅनालिस्ट असतं, रिक्वायरमेंट लिहिता लिहिता एक दिवस हातात प्रोसेसची आकृती येते. मी पहिल्या दाराने आलो. दार कुठलंही असो, सुरुवातीचा समज एकच असतो: हे आकृत्या काढायचं काम आहे. चौकोन मांडायचे, बाण जोडायचे, शेवटी 'अप्रूव्ह्ड' दिसलं की झालं.

चौकोन खरोखरच सोपे असतात. 'बिल तपासा' म्हणजे काय ते अकाउंट्सच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. 'माल मिळाल्याची नोंद करा' हे गोदामातल्या माणसाला तोंडपाठ असतं. आता बाणाबद्दल विचारून बघा. बिल तपासून झालं, मग ते पुढे कुणाकडे गेलं, कशाने गेलं, किती वेळात जायला हवं होतं, आणि गेलंच नाही तर ते कुणाला कळणार? बैठकीत शांतता पसरते. खात्याच्या आतल्या कामाला मालक असतो, दोन खात्यांमधल्या बाणाला नसतो. तिथेच टोलवाटोलवी चालते, तिथेच कागद अडकतात. वर्कफ्लो मॅनेजमेंट सिस्टीम आणायची ती या बाणाला मालक मिळावा म्हणून. वेग, कागदाची बचत, डॅशबोर्ड वगैरे जे सेल्सच्या स्लाइडवर असतं ते त्यानंतर येतं, आलं तर.

मुळात कल्पना जुनी आहे. आधी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटातच 'पुढे काय' हे लिहिलेलं असायचं. ईआरपीमध्ये (खरेदी, हिशेब वगैरे सांभाळणारं कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर) स्टेटसचा एक कॉलम, गोदामाच्या सिस्टीममध्ये दुसरा, आणि दोघांच्या मध्ये ईमेल. हा क्रम त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून एका वेगळ्या इंजिनकडे द्यायचा, एवढीच ती कल्पना. १९९३ साली वर्कफ्लो मॅनेजमेंट कोएलिशन ही संस्था स्थापन झाली आणि १९९५ च्या तिच्या रेफरन्स मॉडेलमध्ये मधोमध इंजिन आणि भोवती पाच जोडण्या दाखवल्या: प्रोसेस लिहिण्याची साधनं, माणसांची कामाची यादी, इंजिनने हाक मारायची इतर सॉफ्टवेअरं, दुसरी वर्कफ्लो इंजिनं, आणि देखरेख. आजचं कुठलंही प्रॉडक्ट उघडा, नावं बदललेली दिसतील, पण या पाच गोष्टी सापडतातच. नवीन टूल हातात आलं की मी अजूनही आधी या पाच जागा शोधतो. ट्रेनिंगचे व्हिडिओ नंतर.

आता एक उदाहरण नीट जवळून बघू, कारण या कामातलं बहुतेक शहाणपण तपशिलात असतं.

खरेदीचं बिल. पर्चेस ऑर्डर ईआरपीमध्ये आहे. माल आल्याची पावती गोदामाच्या सिस्टीममध्ये होते. बिल ईमेलने येतं आणि स्कॅन होऊन डॉक्युमेंट सिस्टीममध्ये पडतं. या तिन्हींचा मेळ बसला, ज्याला थ्री-वे मॅच म्हणतात, की बिल मंजुरीला जातं आणि मग पेमेंटला. आकृती काढायला फार वेळ लागत नाही: बिल आलं, पावतीची वाट बघा, ताळा करा, मंजुरी घ्या, पैसे द्या.

यातला 'वाट बघा' हा तुकडा घ्या. बिल आल्यावर प्रोसेसचा एक इन्स्टन्स, म्हणजे त्या एका बिलापुरती चालणारी प्रत, सुरू होतो आणि पावतीच्या मेसेजसाठी थांबतो. पण बऱ्याचदा माल आधी येतो, बिल नंतर. पावतीचा मेसेज आला तेव्हा इन्स्टन्स जन्मालाच आलेला नव्हता, म्हणजे तो मेसेज घ्यायला कुणी नाही. पाठवणाऱ्या सिस्टीमला फार तर एक एरर मिळतो आणि तिच्या लॉगमध्ये पडून राहतो. दुसऱ्या दिवशी बिल येतं, इन्स्टन्स थांबतो, आणि येऊन गेलेल्या मेसेजची वाट बघत बसतो. वर्कफ्लोच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, कारण 'थांबलेला' ही चूक नाही, ती वैध अवस्था आहे. पुरवठादाराचा फोन येईपर्यंत हे भिजत घोंगडं कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय म्हणून लोक आधी गोदामाच्या सिस्टीमला विचारतात की पावती झालीये का, आणि नसेल तर थांबतात. हे बरं आहे, पण विचारणं आणि थांबायला लागणं यांच्या मध्ये एक बारीक फट राहते. पावती नेमकी त्या फटीत झाली तर पुन्हा तेच. म्हणून आधी मेसेजसाठी कान उघडे ठेवायचे आणि मग विचारायचं, किंवा थांबलेल्या पायरीला टायमर लावून ठराविक वेळाने पुन्हा विचारायचं. काही इंजिनं, उदाहरणार्थ कॅमुंडाचं झीबी, मेसेज ठरवलेल्या मुदतीपर्यंत राखून ठेवतात. तशी सोय असेल तर मुदत किती हा प्रश्न धंद्याच्या लोकांना विचारा, स्वतः अंदाजाने टाकू नका.

मेसेज कुठल्या इन्स्टन्सचा हे कसं ओळखायचं, हा त्याच्या लगतचा प्रश्न. नवीन माणूस पटकन म्हणतो, पर्चेस ऑर्डरच्या नंबरवरून. मग विचारावं लागतं: एका ऑर्डरचा माल हप्त्याहप्त्याने येतो का? एका ऑर्डरवर दोन बिलं येतात का? एका बिलात दोन ऑर्डरी असतात का? तिन्हींची उत्तरं 'हो, कधीकधी' अशी असतात. त्या 'कधीकधी'त तुमचं डिझाइन ठरतं. मीटिंगमध्ये 'सहसा', 'शक्यतो', 'क्वचित' हे शब्द कानावर पडले की पेन उचलायचं, ही सवय लावून घ्या.

दुसरी जागा पेमेंटची. इंजिनने ईआरपीला नोंद करायला सांगितलं आणि उत्तर आलं नाही, टाइमआउट. नोंद झाली की नाही? कळायला मार्ग नाही. पुन्हा सांगितलं तर दोन नोंदी होऊ शकतात, नाही सांगितलं तर कदाचित एकही नाही. वर्कफ्लो इंजिन आपणहून रीट्राय करतं, ही त्याची जाहिरातीतली चांगली बाजू. पण समोरची सिस्टीम एकच विनंती दुसऱ्यांदा आली हे ओळखू शकत नसेल तर तोच रीट्राय गळ्याशी येतो. म्हणून हाक मारण्याआधी एक ओळख-क्रमांक तयार करून तो इन्स्टन्समध्ये ठेवायचा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा. जुनी सिस्टीम तो मानत नसेल तर आधी शोधायचं, मग नोंद करायची. कोड दोनचार ओळींचा असतो. पण समोरच्या सिस्टीमच्या टीमकडून 'होय, आमच्याकडे दुसरी नोंद होणार नाही' हे लेखी मिळवणं, हे खरं काम.

आणि मध्येच फसलं तर मागे कसं यायचं? डेटाबेसमध्ये रोलबॅक (अर्धवट व्यवहार पूर्ण मागे घेणं) असतो, पण आठवडाभर चालणाऱ्या आणि चार सिस्टीममधून जाणाऱ्या प्रोसेसला तो मिळत नाही. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये 'सागा' ही कल्पना मांडली: मोठ्या व्यवहाराचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा परिणाम भरून काढणारा उलटा तुकडा जोडायचा. आज मायक्रोसर्व्हिसच्या चर्चेत ती ताजी वाटते, पण आहे तेव्हाची. फक्त एक लक्षात ठेवा, उलटा तुकडा म्हणजे पुसून टाकणं नव्हे. चुकीची नोंद पुसली जात नाही, तिच्याविरुद्ध दुसरी नोंद होते. आणि गेलेला ईमेल परत येत नाही. अशा पायऱ्या प्रोसेसमध्ये जितक्या शेवटी ढकलता येतील तितक्या ढकला.

माणसांच्या पायऱ्यांबद्दल मला थोडं तिखट बोलायचंय. मंजुरीची टास्क एका व्यक्तीच्या नावावर टाकणं हा सर्रास दिसणारा आळस आहे. व्यक्ती रजेवर जाते, बदली होते, नोकरी सोडते. टास्क गटाला किंवा भूमिकेला द्या, मग गटातला कुणीतरी ती स्वतःकडे घेईल. मुदत संपल्यावर वरिष्ठाला ईमेल जाण्याची सोय सगळे मागतात; सुरुवातीला ती धाक दाखवते, मग त्या ईमेलला इनबॉक्समध्ये नियम लागतो आणि त्या थेट एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात. वरिष्ठाला आठवण करून देण्यापेक्षा मुदत उलटल्यावर टास्क दुसऱ्याकडे वळली तर काम हलतं.

वापरणाऱ्यांजवळ जाऊन बसा. सिस्टीम सुरू झाल्यावरही त्यांच्या कॉम्प्युटरवर एक एक्सेल उघडी असेल, हमखास. ती बंद करायला लावू नका, तिचे कॉलम वाचा. 'पुरवठादाराशी बोललो', 'साहेब हो म्हणाले, तोंडी', 'क्रेडिट नोट येणार' असं त्यात सापडेल. तुमच्या फॉर्ममध्ये ज्याला जागा नाही ते सगळं तिथे असतं. माझ्या मते कुठल्याही रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजापेक्षा ती एक्सेल जास्त खरं बोलते.

आता अभ्यासाचं. बीपीएमएन (प्रोसेसच्या आकृत्यांची ठरलेली चिन्हभाषा) शिकावंच लागेल; २.० ही आवृत्ती २०११ ची, २०१३ पासून ती आयएसओ १९५१० हे मानकही आहे. चिन्हांची यादी लांबलचक आहे, ती पाठ करू नका. टास्क, दोन-तीन गेटवे (वाट फुटते किंवा जुळते ती चिन्हं), टायमर, मेसेज, एरर आणि सबप्रोसेस एवढ्यात रोजचं बहुतेक काम भागतं. पण ही मोजकी चिन्हं चालताना कशी वागतात ते मात्र पक्कं हवं. एक सापळा सांगतो. 'यापैकी एकच' अशा गेटवेने वाट दोन फांद्यांत फोडली आणि पुढे त्या 'दोन्ही आल्या पाहिजेत' अशा गेटवेने जोडल्या, तर आकृती दिसायला सुबक असते. पण एका फांदीवरून टोकन (प्रोसेस कुठवर आली ते दाखवणारी काल्पनिक सोंगटी) येतं, दुसऱ्या फांदीवर कधीच येणार नसतं, आणि पहिलं तिथेच अडून बसतं. हे डोळ्यांनी पकडता यायला हवं. यामागचं गणित पेट्री नेटचं, कार्ल अॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधापासून आलेलं. विल व्हॅन डर आल्स्ट यांनी ते वर्कफ्लोला लावून सुरू झालेली प्रोसेस नीट संपेलच का, हे तपासण्याची रीत दिली. गणिताची आवड असेल तर तिकडे जरूर वळा, नसेल तर टोकन बोटाने सरकवत आकृती वाचायला शिका, तेवढ्यानेही भागतं.

मंजुरीचे नियम, म्हणजे अमुक रकमेपर्यंत हा आणि वर तो, गेटवेंच्या साखळीत काढू नका. नियम बदलतात आणि आकृतीचं जाळं होतं. ते डीएमएनच्या (निर्णयाचे नियम लिहिण्याच्या मानकाच्या) तक्त्यात ठेवा.

टूलच्या नावांत नवीन लोक गोंधळतात. एअरफ्लोलाही वर्कफ्लोच म्हणतात, पण तो २०१४ मध्ये एअरबीएनबीत डेटाच्या पाइपलाइनसाठी जन्मला. माणसाच्या मंजुरीसाठी दिवसेंदिवस थांबणं हा त्याचा पिंड नाही. टेम्पोरलमध्ये प्रोसेस कोडमध्येच लिहितात, आकृती नसते. प्रोग्रॅमरला आवडतं, अकाउंट्सच्या माणसाला दाखवता येत नाही. कॅमुंडा (सातव्या आवृत्तीपर्यंतचं; झीबी हे त्याचं नंतरचं, वेगळं इंजिन) आणि फ्लोएबल ही दोन्ही अॅक्टिव्हिटी (Activiti) या प्रकल्पातून फुटलेली भावंडं, बीपीएमएनवाली. यापैकी एक खोलात करा. दुसरं शिकायला मग फार वेळ लागत नाही.

आवृत्तीचा प्रश्न मुलाखतीत हटकून येतो, मी स्वतःही तो विचारतो: प्रोसेस बदलली, नवी आवृत्ती डिप्लॉय केली, जुन्या आवृत्तीवर चालू असलेल्या शेकडो इन्स्टन्सचं काय? 'मायग्रेट करू', म्हणजे ते नव्या आवृत्तीवर नेऊ, हे उत्तर अर्धं आहे. ज्या बिलाला जुन्या नियमाने एक मंजुरी मिळालीये, त्याला नव्या नियमाने दुसरी लागते का, हे आधी धंद्याला ठरवावं लागतं. तंत्र त्यानंतर. ज्या उमेदवाराने उत्तर देण्याआधी हा उलटा प्रश्न केला, त्याच्याकडे मी जास्त लक्ष देतो.

नोकरी लागण्याआधी घरी करण्यासारखा सराव आहे. फ्लोएबल उतरवून घ्या, वरची बिलाची प्रोसेस तयार करा आणि एक इन्स्टन्स मंजुरीपर्यंत आणून ठेवा. मग सर्व्हर सरळ बंद करा. डेटाबेस उघडून बघा: चालू कामांची टेबलं वेगळी, इतिहासाची वेगळी. थांबलेली टास्क चालूच्या टेबलात एक ओळ बनून बसलेली दिसेल. सर्व्हर पुन्हा सुरू करा, मंजुरी द्या, ती ओळ चालूच्या टेबलातून नाहीशी होऊन फक्त इतिहासात उरते का ते तपासा. नंतर पेमेंटच्या जागी मुद्दाम उशिरा उत्तर देणारी एक छोटी सर्व्हिस लावा, तिच्यात आलेली प्रत्येक विनंती छापा, आणि इंजिन तिला किती वेळा हाक मारतं ते मोजा.