शेतातली माती आणि पाणी अडवण्यासाठी मदत कशी मागावी

योजनांची यादी हातात धरून शेताकडे पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि नको तिथे खोदलेली बरीच शेततळी या सवयीमुळेच कोरडी पडलेली दिसतात. म्हणून सुरुवात कार्यालयातून न करता बांधावरून करावी. पहिल्या मोठ्या पावसात शेतावर उभे राहून पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, ओघळ कुठे पडतो आणि गढूळ पाणी कुठून बाहेर जाते हे पाहावे. घरी आल्यावर गटाच्या नकाशावर पेन्सिलीने तसे बाण काढावेत. पुढे स्थळपाहणीसाठी अधिकारी येतात तेव्हा हा मळका नकाशा अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

त्याच कागदावर एक हिशोबही मांडावा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. वर्षाला ५०० मिलिमीटर पावसाच्या भागात एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी येते, तर ३० × ३० × ३ मीटरच्या, आत उतरत्या काठांच्या शेततळ्यात जेमतेम २२ लाख लिटर मावते. त्यामुळे पाणी आधी मातीतच मुरले पाहिजे आणि तळे त्यानंतरचे, हा क्रम सोडू नये. सपाटीच्या जवळ असलेल्या जमिनीत उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा-सरी पुरेशी ठरते. सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी केलेली वाफेबंदी (कंपार्टमेंट बंडिंग), म्हणजे छोट्या वरंब्यांनी शेताचे पाडलेले चौकोनी वाफे, कामाला येते. पडीक उताराच्या माळावर मात्र ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर खणून त्यांची माती खालच्या अंगाला टाकावी.

हे चर ज्या समपातळी, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषेवर खणायचे ती आखण्यासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधाव्यात, मध्ये आडवी पट्टी ठोकावी आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडावी. दोरी पट्टीला जिथे टेकते तिथे खूण करून चौकटीचे पाय अदलाबदल करावेत. दोन खुणांचा मध्य हीच समपातळीची खूण होय. एक पाय रोवून, दुसरा पाय मागेपुढे करून दोरी या खुणेवर आणावी, दोन्ही पायांपाशी फक्की टाकावी आणि पुढे सरकावे. ही रेषा सरळ येत नाही, वळणे घेत जाते. ती सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्या वळणांवरच चराचे सगळे गणित अवलंबून असते.

बांध घालताना सांडवा ठेवायला विसरू नये. आमच्या खालच्या तुकड्यात मी स्वतः घातलेला बांध दुसऱ्याच पावसात मधोमध फुटला, कारण पाणी अडवण्याच्या उत्साहात ते जादा झाल्यावर कुठून जाईल याचा विचारच केला नव्हता. सांडव्याचे पाणी नैसर्गिक ओघळातच सोडावे. ते शेजाऱ्याच्या शेतात वळवले, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली प्रकरण तहसीलदारांपुढे जाऊ शकते. आणि भावकीतला वाद पाण्यापेक्षा महाग पडतो.

आता मदत देणाऱ्या माणसांविषयी. गावपातळीवर पहिला दुवा कृषी सहायकाचा, ज्याला आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. पण चावडीवर जुनीच नावे चालतात, त्यामुळे अर्जावर नवे पदनाम लिहावे आणि हाक जुन्या नावाने मारली तरी बिघडत नाही. तांत्रिक सल्ल्यासाठी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात जावे. माती परीक्षणाचा नमुना नेताना शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती घ्यावी, एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि साधारण अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. बांधालगतची आणि शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नये.

कागदपत्रे आधीच जमवून ठेवावीत: सातबारा, आठ-अ, आधार जोडलेले बँक खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक. खाते सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतिपत्र लागते, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. मुंबईला असलेल्या चुलत्यांची सही गणपतीला ते गावी आले असतानाच घेऊन ठेवावी.

वैयक्तिक कामांचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करता येतात. शेततळ्यासाठी अर्ज करण्यापूर्वी आपले क्षेत्र किमान मर्यादेत बसते का आणि कोणत्या आकाराला किती अनुदान आहे, हे कृषी कार्यालयातून चालू वर्षापुरते विचारून घ्यावे. अस्तरीकरणाचा, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरण्याचा, खर्च आणि त्याचे अनुदान हा वेगळा विषय आहे. मुरमाड जमिनीत तळे घेणाऱ्याने दोन्हींची बेरीज आधीच करावी. फळबागेसाठी दोन वाटा आहेत. रोजगार हमीशी फळबाग लागवड १९९० मध्ये जोडली गेली, आणि तिच्या निकषांत बसणाऱ्याने ग्रामपंचायतीत अर्ज करावा. जे बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. पुढचा हप्ता झाडे जगण्यावर अवलंबून असतो, पहिल्या वर्षी ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के, म्हणून उन्हाळ्यात टँकरने पाणी घालण्याची ऐपत पाहूनच झाडांची संख्या ठरवावी.

पूर्वसंमती मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये. जेसीबी शेजारी आलाच आहे तर आपलेही उरकून घेऊ, असे म्हणून खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही, मग अर्ज कितीही जुना असो. कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर एकाच जागेवरून फोटो काढावेत.

धरणातला किंवा पाझर तलावातला गाळ हे हलक्या जमिनीसाठी उत्तम साधन आहे. गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यात लहान शेतकऱ्यांना गाळ वाहून पसरवण्यासाठी साहाय्य मिळते. गाळ टाकण्यापूर्वी तोही तपासून घ्यावा, कारण क्षारयुक्त गाळाने चांगली जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. गाळाच्या नावाखाली वाळू उचलायला मात्र परवानगी नाही.

विहीर किंवा बोअर घेण्याच्या विचारात असणाऱ्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आपले गाव कोणत्या वर्गात येते हे विचारावे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानले आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्णय गाव म्हणून घेतला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. एकट्या खातेदाराला हे जमणारे नाही.

ओढ्यावरचे बंधारे, डोंगरउतारावरचे चर आणि गायरानातली लागवड ही कामे गावाच्या नावानेच मागावी लागतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेली बायफ, १९९३ पासून पाणलोटात काम करणारी वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट), २०१६ मध्ये सुरू झालेले पानी फाउंडेशन यांसारख्या संस्था एकट्या शेतकऱ्यासाठी नव्हे, तर सगळे गाव तयार असेल तेव्हा येतात. तयारी म्हणजे ग्रामसभेचा ठराव, श्रमदान आणि चराईबंदी. चराईबंदीवर गावे सर्वांत जास्त अडखळतात. तेव्हा शेळ्या-मेंढ्या असणाऱ्या घरांना चाऱ्याची पर्यायी जागा दाखवूनच ठराव मांडावा. विषय १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तो येण्याची शक्यता राहते.

तळे पूर्ण झाले की त्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. अस्तराचा कागद ओला झाला की अतिशय निसरडा होतो आणि आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून पाणी भरण्यापूर्वी कुंपण घालावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंटांना बांधून तळापर्यंत सोडून ठेवावेत.