जर्मन खरेदीदाराशी आंतरराष्ट्रीय लवाद: पहिल्या आदेशातच काय लिहून घ्यावं

समजा, चाकणच्या कारखान्याने जर्मनीतल्या खरेदीदाराला सुटे भाग पुरवले, माल सदोष असल्याची तक्रार आली आणि बिलाचे पैसे अडकले. करारात आयसीसीचे (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे) लवाद-नियम, सीट (लवादाचं कायदेशीर ठिकाण) सिंगापूर, कायदा जर्मन. लवादमंडळात एक जर्मन विधी-प्राध्यापक, एक निवृत्त भारतीय न्यायमूर्ती आणि अध्यक्षस्थानी लंडनचा बॅरिस्टर. कागदपत्रं कुणी कुणाला द्यायची, साक्षीदाराला आधी भेटायचं का, प्रश्न वकिलाने विचारायचे की आर्बिट्रेटरने (लवादमंडळाच्या सदस्याने), याची उत्तरं तिघांच्या मनात आधीच तयार असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आयसीसीच्या नियमांनी या बाबी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. तुम्ही काही ठरवून घेतलं नाही, तर तिथे अध्यक्षांची सवय चालते. म्हणून समोरच्या देशाची कायदेसंस्कृती माहीत असण्याचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो पहिल्या प्रोसीजरल ऑर्डरचा, म्हणजे कामकाज कसं चालेल हे ठरवणाऱ्या आदेशाचा, मसुदा करताना.

वेळ मात्र कमी असतो. आयसीसीत दाव्याची मागणी हातात पडल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. फाइल लवादमंडळाकडे गेल्यावर पुढच्या ३० दिवसांत टर्म्स ऑफ रेफरन्स (वादाचे मुद्दे आणि लवादाची चौकट नोंदवणारा दस्तऐवज) तयार होणं अपेक्षित असतं. पहिली व्यवस्थापन-बैठक त्याच सुमारास होते. खालची तयारी त्याआधी हवी.

कायदे वेगळे काढा

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कराराचा कायदा, सीटचा कायदा, लवाद-कलमाचा कायदा आणि निवाडा जिथे वसूल करायचा तिथला कायदा. तिसऱ्या रकान्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मुंबईच्या पीपल इंटरॅक्टिव्ह कंपनीच्या भागधारकांचा वाद याच रकान्यावर पेटला. भागधारक-करार भारतीय कायद्याखाली, सीट सिंगापूर, आणि लवाद-कलमाला कुठला कायदा लागू याबद्दल अवाक्षर नाही. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवलं की कलमाला सिंगापूरचा कायदा लागू होतो, कारण भारतीय कायदा धरला तर असा वाद लवादाकडे जाऊच शकत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एनसीएलटीतली (भारतातल्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातली) कार्यवाही थांबू नये म्हणून, तिथे जायला मनाई करणाऱ्या सिंगापूरच्या आदेशाच्या अंमलबजावणीला अटकाव केला. करारात एक ओळ असती तर बराचसा झगडा टळला असता: ‘या लवाद-कलमाला सीटच्या देशाचा कायदा लागू राहील.’ इंग्लंडने तर २०२५ च्या नव्या लवाद कायद्यात हेच मूळ सूत्र करून टाकलं: पक्षांनी कलमापुरता वेगळा कायदा स्पष्टपणे निवडला नसेल तर सीटचाच कायदा.

आता पहिला रकाना. ‘जर्मन कायदा लागू’ एवढंच लिहिलं असेल, तर मालविक्रीच्या करारात १९८० चा व्हिएन्ना विक्री-करारही आपोआप लागू होतो. जर्मनी त्याचा सदस्य आहे, भारत नाही. पण जर्मन कायदा निवडला की तो त्या कायद्याचा भाग म्हणून येतो. भारतीय वकिलांच्या हे सहसा लक्षात येत नाही, आणि पुरवठादाराचं त्यात नुकसान होतं. या कराराच्या कलम ३८ आणि ३९ नुसार खरेदीदाराने माल लवकर तपासायचा आणि दोष नेमका काय आहे हे वाजवी मुदतीत कळवायचं असतं. कमाल मर्यादा माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षं. व्हिएन्ना करार स्पष्टपणे वगळलेला असेल, तर जर्मन व्यापारी संहितेचं कलम ३७७ येतं आणि ते आणखी कडक आहे: तपासणी आणि तक्रार विनाविलंब केली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे तुमचं पहिलं काम खरेदीदाराची पहिली तक्रार कुठल्या तारखेची आहे आणि तिच्यात दोषाचं वर्णन किती नेमकं आहे हे शोधणं. ‘क्वालिटी बरोबर नाही’ एवढ्या ओळीने काम भागत नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

उशिराच्या दंडाचं उलट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ ची सवय झालेला वकील धरून चालतो की करारात लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा आणि मिळेल ते वाजवी नुकसान. जर्मन व्यापारी संहितेच्या कलम ३४८ नुसार व्यापाऱ्याने कबूल केलेला दंड जास्त आहे म्हणून न्यायालय कमी करत नाही. तरीही हात टेकू नका. तो दंड खरेदीदाराच्या छापील अटींतून आला असेल, तर जर्मन कायदा छापील अटींची न्याय्यता दोन कंपन्यांमधल्या करारातही तपासतो. अट वाटाघाटीतून आली की छापील पानावरून, याचा पुरावा त्यासाठी गोळा करा. व्याज मागायलाही विसरू नका: कंपन्यांमधल्या थकबाकीवर जर्मन नागरी संहितेचा दर तिथल्या अधिकृत मूळ दरापेक्षा (बेस रेट) ९ टक्के-अंकांनी जास्त असतो.

परका कायदा मांडायचा कसा, हेही आदेशात लिहून घ्या. भारतीय आणि इंग्रजी न्यायालयांत परका कायदा तज्ज्ञाकरवी सिद्ध करावा लागतो. जर्मन न्यायाधीश तो स्वतः शोधतो. आमचं मत: जर्मन सहवकील घ्या आणि कायदा युक्तिवादातूनच मांडा, संहितेची कलमं आणि भाष्यं जोडून. दोन तज्ज्ञांचे अहवाल आणि त्यांच्या उलटतपासण्या हा खर्च एखाद्या अरुंद, खरोखर वादग्रस्त प्रश्नापुरताच परवडतो.

लेखी बाजू

आपल्याकडच्या कैफियतीत परिच्छेदागणिक नकार असतो: परिच्छेद ४ मधला मजकूर नाकबूल, परिच्छेद ५ माहितीअभावी नाकबूल. जर्मन आर्बिट्रेटरला त्यातून काहीच मिळत नाही. उलट वस्तुस्थिती सांगायचं टाळताय असं वाटतं. आंतरराष्ट्रीय लवादात सहसा मेमोरियल पद्धत चालते: हकिगत, कायदा, कागद, साक्षीदारांची निवेदनं आणि तज्ज्ञांचे अहवाल पहिल्याच फेरीत एकत्र. हकिगत तारखेच्या क्रमाने, प्रत्येक विधानाला जोडपत्राचा क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाचे चाळीस निवाडे जोडण्यापेक्षा कराराचं कलम, संहितेचं कलम आणि एक-दोन निवाडे यांनी जर्मन वाचकाचं समाधान लवकर होतं. साक्षीपुरावा नंतर आणू, ही आपली सवय इथे महागात पडते, कारण दुसऱ्या फेरीत फक्त समोरच्याला उत्तर देण्यापुरता नवा पुरावा घेतात.

कागदपत्रांची मागणी

खरे खटके इथे उडतात. अमेरिकी वकिलाला समोरच्याचे सगळे ईमेल मागणं स्वाभाविक वाटतं. जर्मन वकिलाला तो आगाऊपणा वाटतो, कारण त्याच्या न्यायालयात ज्याने-त्याने आपापल्या कागदांवर लढायचं असतं. मधला रस्ता म्हणजे इंटरनॅशनल बार असोसिएशनचे (आयबीए) पुरावा-नियम, २०२० ची आवृत्ती. आदेशात ‘लवादमंडळ या नियमांनी बांधील राहील’ की ‘मार्गदर्शन घेईल’, यांतलं काय लिहायचं ते ठरवा. बहुतेक ठिकाणी दुसरं चालतं आणि तेच शहाणपणाचं. समोरच्या बाजूने डिसेंबर २०१८ मध्ये प्राग इथे आलेले प्राग नियम सुचवले तर सावध राहा. त्यांचा कल कागदपत्रांची मागणी शक्यतो टाळण्याकडे आहे, आणि दोष मुळात समोरच्याच्या गोदामात झाला असेल तर त्याचे कागद तुम्हाला हवेच आहेत.

मागणी रेडफर्न तक्त्यात करतात: कागद किंवा कागदांचा नेमका गट, तो का लागतो, समोरच्याची हरकत, लवादमंडळाचा निर्णय. ‘या कराराशी संबंधित सर्व पत्रव्यवहार’ अशी मागणी बहुधा फेटाळली जाते. चालणारी मागणी अशी असते: ‘१ मार्च ते ३१ मे २०२२ या काळात खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाने बॅच क्रमांक अमुक यावर केलेल्या तपासणीचे अहवाल; कारण दोष वाहतुकीनंतर निर्माण झाला हे ठरवायला ते निर्णायक आहेत, आणि खरेदीदाराने आपल्या १० जूनच्या ईमेलमध्ये त्यांचा उल्लेख केला आहे.’ काळ, विभाग, विषय आणि कागद अस्तित्वात असल्याचा धागा, चारही हवेत. आदेश होऊनही कागद दिला नाही तर लवादमंडळ त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, तेव्हा ती विनंती वेळेत, लेखी करा.

तुमचे कागद कुठले झाकलेले राहतील, हे आधी तपासा. अमेरिकेत कंपनीच्या पगारी वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा संवाद गुप्त राहतो. भारतात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते, त्यामुळे कंपनीच्या विधी विभागाच्या ईमेलना ते संरक्षण मिळेल असं गृहीत धरू नका. युरोपीय न्यायालयानेही २०१० च्या अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरतं, कंपनीच्या पगारी वकिलांना ते नाकारलं. दोन्ही बाजूंना समान निकष आणि दोघांपैकी जास्त संरक्षण देणारा नियम दोघांनाही, एवढी ओळ आदेशात मागून घ्या. आणि वाद दिसू लागल्याच्या दिवसापासून गंभीर सल्ला बाहेरच्या वकिलाकडून घ्या.

आकडे, तारखा, भाषा

लहान वाटतात, पण नुकसानीचा हिशोब यांच्यामुळेच कोसळतो. लाख-कोटीतले आकडे भाषांतरात मिलियनमध्ये आणा, कंसात मूळ आकडा ठेवा. जर्मन कागदावर १.०००,५० म्हणजे एक हजार आणि पन्नास शतांश. आपल्या डोळ्याला तो एक वाटतो. तारखेत महिना नेहमी अक्षरी लिहा. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर. तोट्याच्या तक्त्यात दोन्ही मिसळली की एक तिमाही दोनदा मोजली जाते किंवा गळते.

शॉप-फ्लोअरची शिफ्ट-वही मराठीत असते आणि सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप निरोप रोमन लिपीतल्या मराठीत. ते सगळं भाषांतरित करू नका; ज्यावर भिस्त आहे तेवढंच करा, पण मूळ पान शेजारी जोडा. समोरच्याच्या मागणीवरून दिलेल्या कागदाचं भाषांतर आयबीए नियमांप्रमाणे तुम्हाला करावं लागत नाही. लवादमंडळापुढे ठेवायच्या कागदाचं करावं लागतं.

साक्षीदार

जर्मन न्यायालयात कंपनीचा संचालक हा पक्षकार असतो, साक्षीदार नव्हे. लवादात आयबीए नियमांनुसार कुणीही साक्ष देऊ शकतो, पण आदेशात ते लिहिलं नसेल तर जर्मन आर्बिट्रेटर मनातून त्या साक्षीचं वजन कमी करतो. साक्षीदाराशी आधी बोलण्याबाबतही तेच. अमेरिकी वकील सराव करून घेतात, इंग्लंडमध्ये पढवणं निषिद्ध, आणि आपल्याकडे ‘पढवलेला साक्षीदार’ हा आरोपच असतो. आयबीए नियम साक्षीदाराला भेटून साक्षीबद्दल चर्चा करायला परवानगी देतात. तुमच्या वकिलाला त्याच्या देशाचे नियम लागूच राहतात, म्हणून कागद दाखवणं, प्रक्रिया समजावणं, असंबंधित विषयावर उलटतपासणीचा अनुभव देणं इथे थांबा. निवेदन साक्षीदाराच्या तोंडच्या भाषेत असू द्या. उत्पादन व्यवस्थापकाच्या निवेदनात लॅटिन वाक्प्रचार दिसला की तीनही आर्बिट्रेटर मान वर करतात.

चाकणच्या व्यवस्थापकाला कामापुरतं इंग्रजी चांगलं येत असेल, तरी दोन तासांच्या उलटतपासणीत ते पुरेल का, हे प्रामाणिकपणे ठरवा. मराठीत साक्ष द्यायची असेल तर निवेदनही मूळ मराठीत हवं आणि भाषेचा उल्लेख त्यात हवा. निवेदन सफाईदार इंग्रजीत आणि साक्ष दुभाष्याकरवी, यावर पहिलाच प्रश्न येतो: ‘हे लिहिलं कुणी?’ वाक्यागणिक भाषांतरात वेळ जवळपास दुप्पट लागतो, म्हणून सुनावणीचा वेळ दोन्ही बाजूंत वाटताना अशा साक्षीचा अर्धाच वेळ मोजावा, असं लिहून घ्या. बोलणं चालू असतानाच होणाऱ्या भाषांतराला दोन दुभाषे लागतात, साधारण अर्ध्या तासाने आळीपाळीने. त्यांना भागांची, दोषांची, चाचण्यांची शब्दसूची आठवडाभर आधी द्या.

साक्षीदाराला एक गोष्ट नक्की सांगा. प्रश्न चालू असताना ‘हो, हो’ म्हणत मान हलवायची आपली पद्धत ऐकतोय एवढंच सांगते. नोंदीत मात्र तो होकार म्हणून उमटतो. प्रश्न संपू द्यावा, मग पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावं. वरिष्ठांपुढे तसं म्हणणं कमीपणाचं वाटतं, इथे ते विश्वासार्ह ठरतं.

आर्बिट्रेटरने मत सांगितलं तर

सुनावणीच्या मध्यावर जर्मन आर्बिट्रेटर म्हणू शकतो, ‘या मुद्द्यावर दावा कमकुवत दिसतो, तडजोडीचा विचार करा.’ त्याच्या न्यायालयीन परंपरेत हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे. लगेच पक्षपाताचा आक्षेप घेऊ नका. भारतीय लवाद कायद्याचं कलम ३० देखील पक्षांच्या संमतीने तडजोडीला प्रोत्साहन देतं. मात्र आर्बिट्रेटरने एका बाजूला एकटं गाठून बोलू नये, आणि तडजोड फिसकटली तर त्यात बोललेलं निवाड्यात येऊ नये, या दोन अटी संमतीआधीच लेखी घ्या.

वसुलीची तयारी पहिल्या दिवसापासून

परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीबद्दलच्या न्यूयॉर्क कराराचा भारत १९६० पासून सदस्य आहे. तुमच्याविरुद्धचा परदेशी निवाडा महाराष्ट्रातल्या मालमत्तेवर वसूल करायचा तर मुंबई उच्च न्यायालयात अर्ज येतो. ‘बाजू मांडता आली नाही’ हा भारतीय लवाद कायद्याच्या कलम ४८ मधला बचाव तेव्हाच टिकतो, जेव्हा हरकत त्या-त्या वेळी नोंदलेली असते. गप्प बसून पुढे गेलात की हक्क सोडला असं धरलं जातं. म्हणून आदेशाविरुद्धची प्रत्येक हरकत त्याच दिवशी, एका परिच्छेदाच्या ईमेलने कळवा. तुम्ही जिंकलात तर जर्मनीत प्रांतिक उच्च न्यायालयाकडे जायचं असतं. निवाड्याची मूळ किंवा प्रमाणित प्रत, लवाद-कलम असलेला सह्यांचा मूळ करार आणि भाषांतरं ही फाइल तेव्हा शोधत बसावी लागू नये. करार ईमेलने, पानापानाने बदलत गेला असेल, तर शेवटची दोघांनी स्वीकारलेली आवृत्ती कुठली, हे टर्म्स ऑफ रेफरन्समध्येच समोरच्याकडून मान्य करून घ्या.