झेब्राफिशवर जखमेचे झाडपाल्याचे औषध तपासताना या चुका टाळा

गुडघा खरचटला की बांधावरची एकदांडी चुरडून तिचा रस जखमेवर पिळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अशाच पाल्यांचे अर्क झेब्राफिशवर तपासण्याचे प्रयोग आता अनेक विद्यार्थी हाती घेतात. मूळचा भारतीय उपखंडातल्या ओढ्यानद्यांचा, जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा हा मासा छाटलेला शेपटीचा पर सुमारे 28 अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पुन्हा उगवतो, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

‘चौदाव्या दिवशी पर भरून आला’ हा निष्कर्ष वाचला की मला वाईट वाटते, कारण त्या दिवशी साध्या पाण्यातल्या माशाचाही पर भरून आलेला असतो. अर्काने काही फरक पडत असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांत शोधावा लागतो. पहिल्या दिवसभरात त्वचेच्या पेशी सरकून जखम झाकतात आणि पुढच्या दोनतीन दिवसांत नवा पर घडवणाऱ्या पेशी टोकाशी जमतात. म्हणून मोजमाप तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी घ्यावे. स्टेरॉइडने पर उगवणे मुद्दाम मंदावून अर्क ती कसर भरून काढतो का, हे पाहणे त्याहून चांगले. शिवाय पर उगवणे आणि माणसाच्या त्वचेवरची जखम व्रण ठेवून भरणे या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत, हे अहवालात स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

दुसरी चूक माशाच्या जिवावर बेतते. लेप जखमेपुरता असतो. पाण्यात मिसळलेला अर्क मात्र माशाच्या कल्ल्यांतून सतत वाहत राहतो. रिठा किंवा गेळफळ ठेचून पाण्यात टाकले की मासे गुंगून वर येतात, हे मासे पकडणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे आणि त्यामागे असतात ती सॅपोनिने, म्हणजे साबणासारखा फेस आणणारी द्रव्ये, अनेक औषधी पाल्यांतही सापडतात. अर्क परीक्षानळीत पाण्यासोबत जोराने हलवून पाहावा. फेस बराच वेळ टिकला तर सावध व्हावे. त्यानंतर विषाक्ततेची चाचणी आधी करून, मासे जिथे पूर्ण निरोगी राहतात अशीच मात्रा निवडावी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर त्यांना ताबडतोब स्वच्छ पाण्यात हलवावे आणि अर्काच्या पाण्याचा सामू व विरघळलेला ऑक्सिजन तपासावा. गुदमरलेल्या माशाचा पर सावकाश उगवला तर दोष पाल्याच्या गुणाचा नसतो.

छाटण्याची जागाही निकाल बदलते, कारण पर शरीराच्या जितका जवळ छाटावा तितका तो वेगाने वाढतो. म्हणून पराच्या काड्यांना जिथे फाटे फुटतात ती खूण धरून प्रत्येक माशाचा छेद एकाच पातळीवर घ्यावा आणि कोणता मासा कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून मोजणी करून घ्यावी. एका बीकरमधले दहा मासे म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांचे पाणी एकच असते, म्हणून बीकरांची संख्या वाढवावी. अल्कोहोल किंवा डीएमएसओ अशा द्रावकात अर्क काढला असेल, तर तेवढाच द्रावक असलेला अर्काविना गट ठेवणे अनिवार्य आहे.

हळदीबाबत एक खास अडचण आहे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट 1995 मध्ये दिले गेले आणि सीएसआयआर या भारतीय सरकारी संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर 1997 मध्ये रद्द झाले. मात्र तो वाद ही माहिती जुनी आहे एवढ्यापुरता होता, हळदीचा गुण त्यात मोजला गेला नव्हता. तो मोजताना हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने खुणावलेल्या पेशी मोजायच्या असतील, तर हळदीतले पिवळे द्रव्य कर्क्युमिन स्वतःच हिरवट चमकते आणि पेशी खोट्याच वाढलेल्या दिसतात. असे प्रथिन नसलेल्या माशांनाही तोच अर्क देऊन त्यांची चमक आधी पाहून घ्यावी.

छाटण्यापूर्वी भूल देण्यासाठी वापरले जाणारे ट्रायकेन आम्लधर्मी असते. खाण्याच्या सोड्याने त्याचा सामू सातच्या आसपास आणल्याशिवाय मासा त्यात सोडू नये, आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हाती येण्यापूर्वी तर एकही पर छाटू नये.