जुन्या जीपला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवताय? या चुका टाळा

जुनी फोर बाय फोर जीप हायवेला काढली की ऐंशीला इंजिन ओरडायला लागतं, आणि डावा हात उगीच नसलेला पुढचा गिअर शोधतो. सीजे-थ्री-बी या जुन्या मॉडेलच्या धाटणीच्या जीपला अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या; चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३२५० च्या आसपास फिरतं. ०.८५ रेशोचा पाचवा गिअर मिळाला तर तेच २७५० वर येतं. मोह पडणारच.

सगळ्यात महाग चूक दुकानातच होते, आणि ती मी स्वतः केली आहे. कुर्ल्याला भंगारात एका टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या) गाडीचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला. दुकानदार म्हणाला, "सगळं सेम आहे शेठ, फक्त मागचं तोंड बदलायचं." घरी आणून उघडला तेव्हा कळलं, मागचं तोंड म्हणजे नुसतं झाकण नव्हे. टू-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट थेट प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला, जोडायला केलेला असतो. ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याला) लागणारा मेन शाफ्ट वेगळा. तो घालायचा तर आख्खा गिअरबॉक्स खोलावा लागतो. वाचलेल्या पैशांच्या दुप्पट गेले. तेव्हा घ्यायचाच तर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा, आणि सोबत ट्रान्स्फर केस, बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण), क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क, लिव्हर असं सगळं बिऱ्हाड एकदम उचला.

नवीन ट्रान्स्फर केस कुठल्या बाजूला तोंड काढते तेही तिथेच बघा. विलीसच्या वंशातल्या जुन्या जीपना पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचे गोळे, जिथे शाफ्ट जोडतो) उजवीकडे सरकलेले असतात, कारण ट्रान्स्फर केसमधून दोन्ही शाफ्ट उजवीकडूनच निघतात. मागचा शाफ्ट मधून काढणारी केस बसवली, तर तो तिरका धावतो आणि क्रॉस, म्हणजे टोकाचा फिरता सांधा, झिजवतो.

दुसरी चूक जोर लावण्याची. गिअरबॉक्स इंजिनकडे सरकवताना शेवटचे दहा-पंधरा मिलिमीटर अडतात, आणि कोणीतरी म्हणतं, "बोल्ट आवळा, येईल ओढून." येतो, पण कधी बेल हाऊसिंगचा कान तुटून येतो, कधी फ्लायव्हीलमधला पायलट बुश चेंगरून. हाताने जात नसेल तर कारण शोधा: क्लच प्लेट मध्यावर नाही, स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या खाचांचे) दाते जुळत नाहीत, किंवा इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या बुशला जाड होतंय. टोकाची जाडी आणि लांबी व्हर्नियरने आधीच मोजली तर हा प्रसंगच येत नाही. गाडी सुरू झाल्यावर क्लच पूर्ण दाबूनही पहिला आणि रिव्हर्स करकरत पडत असतील, तर लगेच सिंक्रोला (गिअर आवाज न करता पाडणाऱ्या रिंगांना) शिव्या घालू नका. आधी क्लचच्या पेडलचा मोकळा प्ले तपासा, मग प्लेट उलटी बसली नाही ना ते, मग बुश शाफ्टला धरून फिरवतंय का ते.

आता प्रोपेलर शाफ्ट. पाच गिअरचा डबा बहुतेक वेळा लांब असतो. ट्रान्स्फर केस मागे सरकली की मागचा शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करावा लागतो. सीजे-थ्री-बीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, एमएम ५४० या लांब जीपचा ९१. छोट्या गाडीत मागचा शाफ्ट इतका आखूड होतो की त्याचा उतार डोळ्यांनी दिसतो. माप घेताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलचं माप घेऊन शाफ्ट कापला, तर पहिल्याच खड्ड्यात तो आतून ठोकतो. वेल्डिंग करताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत का ते खडूने खूण करून बघा, नंतर बॅलन्सिंग करून घ्या. नव्या कामानंतर साठ-सत्तरला सीटखालून गुणगुण येत असेल तर गुन्हेगार बहुधा इथेच सापडतो.

माउंटिंगची पट्टी फ्रेमला पक्की वेल्ड करायची घाई नको. आधी टाका मारा, सगळे गिअर टाकून बघा, लिव्हर सीटला किंवा डॅशला लागत नाही ना बघा, सायलेन्सरला जागा आहे का बघा. स्पीडोमीटरची केबल लोक हमखास विसरतात. ट्रान्स्फर केस बदलली असेल तर केबल फिरवणारा तिचा गिअरही तपासावा लागतो.

तेलाबाबत मेकॅनिकचं "नव्वद टाक" ऐकू नका. नव्वद हा जाडपणा झाला, दर्जा नव्हे. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल मागितलं असेल तर डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नका. त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळ खराब होऊ शकतं.

कागदपत्रांचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. काम काढण्याआधी आरटीओत विचारून या.

आणि घाटात पाचवा विसरा. २११२ सीसीचं जुनं डिझेल कसाऱ्याच्या चढाला पाचव्यात ओढायला लावलं की गाडी गचके देते, टेम्परेचरचा काटा चढतो. तिथे तिसराच. पाचवा घोटीच्या पुढे, सपाटीला.